जैन प्रबंध व उत्तर कोकणचे शिलाहार

जैन यतींनी मध्ययुगात संस्कृत-प्राकृतात रचलेल्या चरित्र-प्रबंधांतील कोकणविषयक वृत्तांत. गुजरातेत या वाङ्‌मयाची विशेष भरभराट झाली. राजशेखराने प्रबंधकोशात (१३४९) प्राचीन धर्मपुरुषांचे ते ‘चरित’ व नंतरच्या पुरुषांचे ते ‘प्रबंध’, असा भेद केला आहे. आजच्या रायगड जिल्ह्यातील पेण, रोहे हा प्रदेश ज्यांच्या राज्यात मोडे, त्या उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी मल्लिकार्जुनाच्या अखेरीसंबंधी हे ग्रंथ महत्त्वाचे ठरतात.

मेरुतुंगाच्या प्रबंधचिंतामणीनुसार (१३०५) मल्लिकार्जुनाचे ‘राजपितामह’ हे बिरुद भाटाच्या तोंडून ऐकून चौलुक्य कुमारपाल संतापला व त्याने मंत्री उदयनाचा पुत्र आंबड यास कोकणावर धाडले. कलविणी (दक्षिण गुजरातेतील कावेरी) ओलांडल्यावर आंबडाचा पराभव झाला. दुसऱ्या स्वारीत मात्र त्याने मल्लिकार्जुनाचा शिरच्छेद केला. पुढे लुटीची लांबलचक यादी येते. ती दरबारी थाटाचीच आहे.

कथेचा गाभा खोटा नाही. कुमारपालाचा समकालीन हेमचंद्र आपल्या काव्यात मल्लिकार्जुनाचा रणात वध झाल्याचे सांगतो, मात्र सेनानीचे नाव देत नाही. पृथ्वीराजविजय या काव्यात हेच श्रेय चाहमान सोमेश्वराला दिले आहे, तर अबूच्या शिलालेखात (१२३०) परमार धारावर्षाच्या पराक्रमाने कोकणाधिपतीच्या स्त्रियांना रडविल्याचा उल्लेख आहे. तिघेही कुमारपालाच्या बाजूने लढले असणे शक्य आहे. आंबड हा जैन मंत्रिकुळातला असल्याने यतींनी त्याला पुढे केले असावे.

कालनिर्णय मात्र कोरीव लेखांवरच करावा लागतो. मल्लिकार्जुनाचे चिपळूण (शके १०७८, इ. स. ११५६) व वसई (शके १०८२, इ. स. ११६०-६१) येथील लेख ज्ञात आहेत, म्हणजे वध त्यानंतरचा. पुढे अपरादित्य (दुसरा) ‘महाराजाधिराज’ व ‘कोकणचक्रवर्ती’ म्हणवितो. तेव्हा गुजरातचे वर्चस्व टिकले नाही, हे उघड आहे. विजयानंतरच्या या घडामोडींकडे प्रबंधकारांचे लक्ष नाही.

प्रबंधांतील कोकण म्हणजे केवळ शत्रूचा दरबार. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जेथे सागरास मिळते, त्याच्याजवळचे चेऊल (चेमूल्य) हे भरभराटीचे बंदर अल्-मसूदीने दहाव्या शतकाच्या आरंभी पाहिले व तेथील झंझ राजाचे नाव नोंदविले. गावे, अमात्य, दानभूमीच्या चतुःसीमा या गोष्टी ताम्रपटांतूनच कळतात. प्रबंधांचा आधार राजकीय संघर्षापुरता, आणि तोही लेखांशी पडताळूनच घेणे इष्ट होय.