कीर्द, खतावणी आणि नवी परिभाषा

अर्थव्यवहाराची, आणि त्यातही क्रिप्टो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या व्यवहाराची परिभाषा अनेकांनी मिळून संगणकीय जालावर सिद्ध करावी, ही कल्पना इंग्रजीत आता रुळली आहे. मराठीतही तिचे आकर्षण वाटू लागले तर नवल नाही. कोशरचना हे एखाद्या विद्वानाचे किंवा सरकारी समितीचेच काम होय, असे आम्ही मानीत नाही. शब्द लोकांचे असतात. ते लोकांनी गोळा करावेत हे युक्तच आहे. परंतु शब्द गोळा करणे वेगळे आणि घडविणे वेगळे. अशा कोशाची खरी परीक्षा या दुसऱ्या कामात होते.

घडविलेल्या शब्दांचा पूर्वानुभव आपल्यापाशी आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही जमा, खर्च, वसूल, बाकी आणि रक्कम हे शब्द मराठी माणसाच्या वहीतून आजतागायत हललेले नाहीत. बडोद्याच्या सयाजीशासनशब्दकल्पतरूने १९३१ साली वेगळी वाट धरली. आठ भाषांतील शब्द त्याने शेजारी शेजारी मांडले, आणि निवड कशातून झाली हे वाचकास दिसू दिले. आजच्या लोककोशास या दुसऱ्या ग्रंथापासून पुष्कळ शिकता येईल.

आता काही शब्दच तपासू. क्रिप्टोकरन्सीला ‘कूटचलन’ हा प्रतिशब्द बराच वापरात आहे. तो बनविणाऱ्याच्या मनात कूट म्हणजे गूढ, सांकेतिक एवढाच अर्थ असावा. पण कूट म्हणजे कपटही. कूटसाक्ष म्हणजे खोटी साक्ष, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘कूटरूप’ म्हणजे चक्क खोटे नाणे! म्हणजे या व्यवहाराचा कैवारी आणि त्याचा कट्टर विरोधक, दोघेही हा शब्द वापरतील आणि दोघांनाही तो आपल्याच बाजूचा वाटेल. त्यातील ‘चलन’ हा भागही निर्दोष नाही. भारतीय कायद्याने २०२२ साली या वस्तूवर ३० टक्के कर बसविला, तो ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ म्हणून. चलन म्हणून नव्हे. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने डिजिटल रुपयाचा प्रयोग आरंभिला, आणि तो मात्र खरोखरीचे चलन आहे. दोहोंना ‘डिजिटल चलन’ या एकाच नोंदीत बसविणारा कोश वाचकाची दिशाभूल करील. आमच्या मते ‘क्रिप्टो’ हा शब्द आहे तसाच ठेवावा. बँक, चेक आणि शेअर आपण पचविलेच आहेत.

याहून उद्बोधक उदाहरण ब्लॉकचेनचे आहे. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिटकॉइनच्या मूळ निबंधात हा शब्द नाही. तो मागाहून रूढ झाला. पुढे इंग्रजीत त्याची व्याख्या ‘लेजर’ या शब्दाने होऊ लागली, आणि त्यावरून मराठीत ‘वितरित खातेवही’ असे सरळ भाषांतर होते. पेढीवर बसलेल्या एखाद्या जुन्या दिवाणजीस विचारले असते तर त्याने वेगळे उत्तर दिले असते. खतावणीत प्रत्येक आसामीचे खाते निराळे असते आणि त्याची बाकी तेथे सापडते. बिटकॉइनच्या वहीत तसे खाते नाही. तेथे व्यवहार घडतील तसे क्रमाने उतरविले जातात, प्रत्येक नव्या पानावर मागील पानाचा ठसा असतो, आणि कोणाजवळ किती उरले हे नोंदी मागे मागे लावून काढावे लागते. ही खतावणी नव्हे, ही कीर्द आहे. उलट २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियममध्ये खातेनिहाय शिल्लक ठेवतात. तेथे खतावणी हा शब्द शोभेल. इंग्रजीने एकाच शब्दाखाली झाकलेला भेद आपल्या वहीखात्याच्या परिभाषेत आयता उघडा होता. भाषांतराच्या घाईत तो हातचा जातो.

‘वॉलेट’चे ‘पाकीट’ करणेही असेच फसवे. त्यात नाणी नसतात, किल्ल्या असतात. किल्ली हरवली की वहीत नाव असूनही धन गेले. ‘जुडगा’ म्हटले तर घरातील वृद्ध स्त्रीलाही धोका कळेल. ‘मायनिंग’ला ‘खाणकाम’ म्हणण्यास मूळ निबंधातील सोन्याच्या खाणीच्या उपमेचा आधार आहे, हे खरे. तथापि व्यवहार तपासून वहीस नवे पान जोडणे हे त्यातील मुख्य काम, आणि नवी नाणी ही त्याची दक्षिणा, हे त्या शब्दातून कळत नाही.

अनेकहस्ते लिहिल्या जाणाऱ्या कोशाचा सर्वांत मोठा दोष मात्र अज्ञानाचा नसून हितसंबंधाचा असतो. ज्याने एखादे नाणे विकत घेतले आहे तोच त्याची व्याख्या लिहिण्यास सर्वांत उत्सुक असतो. ‘स्टेबलकॉइन’ची नोंद ‘स्थिर मूल्य असलेले नाणे’ अशी केली की विक्रेत्याचे आश्वासन कोशाच्या तोंडी गेले. टेरायूएसडी हे असेच ‘स्थिर’ नाणे मे २०२२ मध्ये डॉलरच्या बरोबरीपासून सुटले आणि पुन्हा सावरले नाही. येथे ‘मूल्य स्थिर राहील असा दावा केला जाणारे’ एवढे चार-सहा शब्द अधिक लिहिणे संपादकाचे कर्तव्य होते. लोककोशात संपादक नको, सर्व समान, असे म्हणणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे तो येथेच. संपादक असावा, त्याने नाव द्यावे, प्रत्येक नोंदीवर तारीख असावी, आणि नाकारलेले पर्याय पुसून न टाकता कारणासह खाली ठेवावेत. जालावर जागेची अडचण नाही.

आणखी एक काम तातडीचे आहे. बडोदे, इंदूर, बेळगाव येथील जुन्या पेठांत मराठी, गुजराती, मारवाडी आणि कानडी हिशेब शेजारी शेजारी चालत. दर्शनी आणि मुदती हुंडी, हुंडणावळ, रोजमेळ, कसर हे शब्द ज्यांनी स्वतः वहीत लिहिले अशी माणसे आता थोडी उरली आहेत. नव्या परिभाषेच्या मंडळींनी क्रिप्टोच्या पहिल्या नोंदीस हात घालण्यापूर्वी त्यांच्याकडे जाऊन बसावे.