निराश वाचकाचे ऋण : इतिहासग्रंथांवरील कठोर अभिप्रायांची परंपरा आणि आजची जबाबदारी

प्रस्तावना

इतिहास व संस्कृती या विषयांवरील मराठी ग्रंथांत दरवर्षी भर पडत आहे. त्यांच्याविषयी जाणत्या वाचकांच्या तोंडून ऐकू येणारा अभिप्राय मात्र अनेकदा निराशेचा असतो. ‘यात नवे काही नाही’, ‘आधार कुठेच दिलेला नाही’, ‘हे तर जुन्या पुस्तकातून उतरवून घेतले आहे’ अशी वाक्ये प्राध्यापक-कक्षात, ग्रंथालयात आणि चर्चासत्रांच्या मध्यंतरात सहज कानावर येतात. परंतु हीच मंडळी त्याच ग्रंथाचे परीक्षण लिहावयास बसली की ‘संग्राह्य’, ‘उपयुक्त’ आणि ‘संदर्भमूल्य असलेला’ ही ठरलेली विशेषणे कागदावर उतरतात. बोललेला अभिप्राय आणि छापलेला अभिप्राय यांच्यातील ही तफावत हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लेखातील मुख्य प्रतिपादन असे की, आधुनिक मराठी इतिहासलेखनाची उभारणी मोठ्या प्रमाणावर निराश झालेल्या वाचकांनी केलेली आहे. मात्र प्रत्येक कठोर अभिप्रायाला हे श्रेय देता येत नाही. ज्या अभिप्रायाने पुढच्या वाचकाला तपासून पाहता येईल असे काही मागे ठेवले, तोच फलद्रूप झाला. ज्याने केवळ त्वेष ठेवला, त्यातून प्रवाद तरी निर्माण झाला किंवा विध्वंस तरी.

ग्रँट डफचे निराश वाचक

सातारा येथे ब्रिटिश रेसिडेंट म्हणून काम केलेल्या जेम्स ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला. कॅप्टन डेव्हिड केपन याने केलेले त्याचे भाषांतर ‘मराठ्यांची बखर’ या नावाने मराठी वाचकांच्या हाती आले आणि दीर्घकाळ तोच मराठ्यांचा अधिकृत इतिहास मानला गेला. १८६७-६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या ऐन विशीतील तरुणाने या ग्रंथावर सविस्तर टीका केली. प्रस्थापित इतिहासग्रंथाची एका मराठी वाचकाने केलेली ही पहिली महत्त्वाची झडती होय.

कीर्तने यांनी ग्रंथकाराचे परिश्रम नाकारले नाहीत. त्यांचा आक्षेप दुहेरी होता. लढाया आणि तह यांच्या पलीकडे असलेले लोकांचे जीवन या इतिहासात दिसत नाही, हा त्याचा एक भाग. ज्या मूळ कागदांवर हा ग्रंथ उभा आहे ते वाचकाला पाहावयास मिळत नाहीत, हा दुसरा. अनेक हस्तलिखितांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचे ग्रँट डफने आपल्या टिपांत नमूद केले होते. त्या नकला कोठे आहेत, हा प्रश्न कीर्तने यांच्या टीकेमुळे ऐरणीवर आला.

या एका प्रश्नाला पुढे दोन फाटे फुटले, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते दोन्ही बोधप्रद आहेत. ग्रँट डफने आपले काम संपल्यावर मूळ कागदपत्रे जाळून टाकली, असा प्रवाद महाराष्ट्रात रूढ झाला. त्याने चीड निर्माण झाली, परंतु एकही कागद हाती लागला नाही. दुसरा फाटा ‘काव्येतिहास-संग्रहा’चा. काशिनाथ नारायण साने आणि त्यांचे सहकारी यांनी १८७८ मध्ये हे मासिक सुरू करून बखरी व कागदपत्रे छापण्यास आरंभ केला. कागद दिसत नाहीत ही तक्रार येथे कागद शोधून छापण्याच्या उद्योगात परिणत झाली. तक्रार एकच, तिचा एक वारस अफवा आणि दुसरा वारस साधनसंग्रह.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हेही ग्रँट डफचे निराश वाचकच म्हणावे लागतील. सह्याद्रीच्या वाळलेल्या गवतात अकस्मात वणवा पेटावा तसा मराठ्यांचा उदय झाला, ही ग्रँट डफची उपमा त्यांना मान्य नव्हती. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी या उदयामागील सामाजिक व धार्मिक चळवळीची मांडणी केली. म्हणजे अपुऱ्या वाटलेल्या स्पष्टीकरणाच्या जागी त्यांनी दुसरे स्पष्टीकरण ठेवले. ते सर्वांना पटले नाही. परंतु ते खोडून काढता येईल इतके स्पष्ट होते, हेच त्याचे मोल होय.

राजवाडे : कठोरपणाचे सामर्थ्य आणि मर्यादा

मराठीत कठोर ग्रंथपरीक्षणाचा आदर्श म्हणून विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव घेतले जाते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात १७५० ते १७६१ या कालखंडातील पत्रे असून, प्रस्तावनेत राजवाड्यांनी ग्रँट डफ आणि बखरकार या दोघांचीही खरमरीत तपासणी केली आहे. त्या तपासणीचे बळ तिच्या भाषेत नाही. बखरीतील विधान एका बाजूला आणि समकालीन पत्रातील तारीख, स्थळ व व्यक्ती दुसऱ्या बाजूला, अशी तुलना करता येते हे त्यांनी दाखवून दिले. ज्या वाचकाला राजवाड्यांचा स्वर रुचत नाही, त्यालाही ती पत्रे उघडून त्यांचा निष्कर्ष पडताळता येतो.

तथापि जेथे हे बळ सुटले, तेथे राजवाड्यांचा कठोरपणा दुबळा ठरला. संतांच्या शिकवणुकीने समाज निष्क्रिय झाला, हे त्यांचे मत साधनांपेक्षा ग्रहावर अधिक आधारलेले होते. या प्रश्नाची साकल्याने चर्चा होण्यास पुढे अनेक दशके जावी लागली, गं. बा. सरदार यांचा ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ हा १९५० मधील ग्रंथ त्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाच्या ऐतिहासिक भूमिकेविषयी राजवाड्यांनी केलेल्या लेखनाला प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून उत्तर दिले. त्या उत्तराची भाषाही सौम्य नाही. परंतु त्यामागे एक न्याय्य मागणी होती : जो इतरांकडे पुरावा मागतो, त्याने स्वतःच्या विधानांसाठीही पुरावा द्यावा. टीकाकार टीकेच्या वर नसतो, हा धडा या वादाने दिला.

जेव्हा वाचनच थांबते

कठोर अभिप्रायाची दुसरी सीमा जेम्स लेन प्रकरणात दिसली. शिवाजी महाराजांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील एका मजकुरास गंभीर आक्षेप घेतला गेला. सांगोवांगीच्या बोलण्याला समकालीन साधनाचा आधार नसताना ग्रंथात स्थान देणे कितपत योग्य, हा प्रश्न परीक्षणाच्या कक्षेतीलच होता. त्याच वर्षी प्रकाशकांनी पुस्तक भारतात मागे घेतले. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला, संस्थेच्या ठेव्याची हानी झाली आणि नंतर पुस्तकावर बंदी आली. ती बंदी उठविण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कायम केला.

या घटनाक्रमात साधनांविषयीचा मूळ प्रश्नच हरवला. पुस्तकाच्या उर्वरित मांडणीत ग्राह्य काय व अग्राह्य काय, याची शांत चर्चा मराठीत फारशी होऊ शकली नाही. ग्रंथाविषयीचा संताप ग्रंथालयावर कोसळला, तेव्हा त्या ग्रंथाचे खंडन ज्या कागदांच्या आधारे व्हावयाचे, त्यांनाच धोका पोहोचला. कीर्तने यांची मागणी कागद दाखवा अशी होती. येथे कागदच फाटले.

कुरुंदकर आणि मराठवाड्याचा वाचक

या परंपरेतील एक मोठे नाव आपल्याच परिसराचे आहे. नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) यांचे कुरुंदा हे गाव वसमत तालुक्यातील. तो भाग १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला कुरुंदकरांची पत्ररूप प्रस्तावना आहे. प्रस्तावना म्हणजे गौरव, हा संकेत तिने मोडला. शिवाजी महाराजांचे मोठेपण केवळ लढायांच्या यशात न शोधता, त्यांच्या मृत्यूनंतर जनतेने औरंगजेबाशी दिलेल्या दीर्घ झुंजीच्या संदर्भात पाहिले पाहिजे, असा विचार त्यांनी मांडला. लेखकाविषयी आदर राखून त्याच्यासमोर अवघड प्रश्न ठेवता येतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

मराठवाड्यातील वाचकाच्या निराशेला एक खास कारणही आहे. मराठ्यांच्या प्रचलित इतिहासात उदगीर (१७६०) आणि राक्षसभुवन (१७६३) ही नावे रणांगणे म्हणून येतात. लढाई संपली की तेथील गावे व माणसे पानावरून नाहीशी होतात. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामी राज्यात असल्यामुळे त्याची साधने मोडीबरोबर फारसी आणि उर्दूत आहेत, व त्यांचा मोठा भाग हैदराबादला आहे. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणून ही उणीव पुष्कळ अंशी भरून काढली. त्यांच्यानंतर हे काम त्या प्रमाणात पुढे गेले नाही, आणि स्थानिक इतिहासाच्या पुस्तकांत तीच ती माहिती फिरत राहिली.

परभणीच्या इतिहासग्रंथांसाठी चार कसोट्या

अशा पुस्तकांचे परीक्षण करताना ‘निकृष्ट’ हा शब्द पुरेसा नाही. निकृष्टता दाखवून देता आली पाहिजे. परभणी जिल्ह्यापुरत्या चार कसोट्या येथे सुचवाव्याशा वाटतात.

पहिली कसोटी सीमेची. परभणी जिल्ह्याचे गॅझेटिअर १९६७ चे आहे आणि हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्यानंतर लिहिलेल्या पुस्तकात औंढा नागनाथ किंवा नामदेवांचे नरसी कोणत्याही खुलाशाशिवाय परभणी जिल्ह्यात मोजले असेल, तर ग्रंथकाराने गॅझेटिअरच्या पुढे पाहिलेले नाही, असे मानण्यास जागा आहे.

दुसरी कसोटी ‘हेमाडपंती’ या शब्दाची. चारठाणा येथील वास्तूंपासून लहानशा पडक्या देवळापर्यंत सर्वांना हे एकच विशेषण लावले जाते. हेमाद्री हा यादव राजे महादेव व रामचंद्र यांच्या काळातील, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील अधिकारी. अंबरनाथच्या मंदिरातील लेख शके ९८२ चा, म्हणजे त्याच्या दोनशे वर्षे आधीचा आहे. तरी त्यालाही हेमाडपंती म्हटले जाते. हा शब्द कालनिर्णयाची जागा घेत असेल, तर परीक्षकाने तेथे थांबले पाहिजे.

तिसरी कसोटी संतचरित्राची. गंगाखेडच्या जनाबाईंचे चरित्र सांगताना महिपतींच्या ‘भक्तविजया’चा आधार घेतला जातो. तो ग्रंथ १७६२ मधील, म्हणजे जनाबाईंनंतर सुमारे चारशे वर्षांनी रचलेला आहे. भक्तिपरंपरेने जनाबाईंना कसे स्मरले याचे ते मोलाचे साधन होय. चौदाव्या शतकातील घटनांचा तो प्रत्यक्ष पुरावा नव्हे. ग्रंथकाराने हा भेद राखला आहे काय, हे पाहावे.

चौथी कसोटी स्थानिक अभिमानाची. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ पुरुष पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातील होते, असे फरिश्ता सांगतो. पाथरीसाठी सोळाव्या शतकात निजामशाही व वऱ्हाडची इमादशाही यांच्यात संघर्षही झाला. ही माहिती देताना फरिश्त्याचे नाव घेतले आहे की ‘इतिहास सांगतो’ एवढ्यावर भागविले आहे, यावरून ग्रंथाची प्रत कळते.

समारोप

छापील परीक्षणे सौम्य का होतात, याची कारणे आपणास ठाऊक आहेत. ग्रंथकार व परीक्षक एकाच विद्यापीठीय वर्तुळात वावरतात. आज परीक्षण करणारा उद्या त्याच ग्रंथकारासमोर मुलाखतीस बसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने ग्रंथलेखनाला गुण जोडले आणि पुस्तक वाचले जाण्यापेक्षा ते मोजले जाणे महत्त्वाचे ठरू लागले. परंतु या सौजन्याची किंमत ग्रंथकार देत नाही, परीक्षकही देत नाही. ती विद्यार्थी देतो. आधार नसलेले विधान त्याच्या प्रकल्पात, तेथून प्रबंधात आणि तेथून पुढच्या पुस्तकात जाते, आणि तिसऱ्या पिढीत ते ‘सर्वमान्य’ होते.

म्हणून महाविद्यालयीन नियतकालिकांनी परीक्षणाचे काही साधे नियम स्वीकारावेत. दोष दाखविताना पृष्ठ सांगावे. विधान चुकीचे असल्यास योग्य विधान व त्याचा आधार द्यावा. ग्रंथातील नवी भर, ती अल्प असली तरी, नोंदवावी. व्यक्ती, जात व हेतू यांविषयी लिहू नये. ग्रंथकाराला पुढील अंकात उत्तर देण्यास जागा द्यावी. एवढे पाळले तर प्राध्यापक-कक्षात बोलला जाणारा अभिप्राय निर्भयपणे छापता येईल, आणि ज्याच्या ग्रंथावर तो असेल, त्यालाही दुसऱ्या आवृत्तीसाठी त्याचा उपयोग होईल.