‘वाळणे’ आणि ‘बाष्पीभवन’: शालेय विज्ञानाच्या भाषेविषयी एक टिपण

पाचवी ते सातवीच्या विज्ञानाची मराठी संस्कृतप्रचुर परिभाषेमुळे दुर्बोध झाली आहे, हा आक्षेप इतका रूढ झाला आहे की तो तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखकास तो अर्धसत्य वाटतो. दोष परिभाषेत नाही. ती बोलभाषेपासून तोडून दिली जाते, यात आहे. पाण्याच्या अवस्थांतराचा एकच पाठ घेतला तरी हे दाखविता येईल.

शिकवणीच्या वर्गात हा पाठ बहुधा व्याख्येने सुरू होतो. द्रवाचे वायूत रूपांतर होण्याच्या क्रियेस बाष्पीभवन म्हणतात, हे वाक्य विद्यार्थी पाठ करतो व त्यावर गुणही मिळवितो. परंतु दोरीवरचे कपडे कशाने वाळले, असे विचारता ‘उन्हाने’ एवढेच उत्तर येते. ते चुकीचे नाही, अपुरे आहे. आणि या अपुरेपणास आपली भाषाही काही अंशी कारण आहे.

‘कपडे वाळले’, ‘फरशी सुकली’ या वाक्यांत कर्ता ओली वस्तू आहे. पाण्याचा उल्लेखही नाही. ‘मिठागरातले पाणी आटले’ असे म्हणताना पाणी कर्ता होते खरे, पण क्रियापद सांगते ते केवळ त्याचे उणे होणे. उणे झालेले पाणी गेले कोठे, हा प्रश्न यांपैकी एकाही वाक्यात उद्भवत नाही. ‘बाष्पीभवन’ हा शब्द नेमका तोच प्रश्न उभा करतो आणि निराळ्या भासणाऱ्या तिन्ही घटना एका सूत्रात आणतो. सुलभीकरणाच्या भरात तो टाकून देणे म्हणजे विचाराचे साधनच काढून घेणे होय.

‘वाफ’ या शब्दाची अडचण उलट आहे. किटलीच्या तोंडातून निघणाऱ्या पांढऱ्या लोटास आपण वाफ म्हणतो; वस्तुतः ते निवलेल्या बाष्पाचे सूक्ष्म जलकण असतात. खरे बाष्प अदृश्य असते, आणि ते तोंडालगतच्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत असते. ऑस्बर्न व कॉसग्रोव्ह यांनी १९८३ मध्ये न्यूझीलंडमधील ८ ते १७ वर्षांच्या मुलांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उकळत्या पाण्यातील बुडबुड्यांत हवा असते असे अनेकांनी सांगितल्याचे दिसते. अर्थात ही अडचण केवळ मराठी मुलांची नव्हे.

काही ठिकाणी मात्र बोलभाषाच शिक्षकाच्या मदतीस येते. मेण ‘वितळते’, साखर ‘विरघळते’. पहिल्या क्रियेस उष्णता पुरते, दुसरीस द्रावक लागतो. हा भेद घरातल्या शब्दांतच आहे. ‘बर्फ विरघळला’ अशा सैल प्रयोगाने तो पुसला जातो, एवढेच. शिक्षकाने तो प्रयोग वर्गात चर्चेस घ्यावा.

तेव्हा क्रम असा असावा: प्रथम वस्तू, मग तिच्यासाठी मुलाच्या तोंडी असलेले क्रियापद, मग त्या क्रियापदाने न विचारलेला प्रश्न आणि शेवटी संज्ञा. शिकवणीच्या तासाभरात एवढा अवकाश नसतो, असे म्हटले जाईल. परंतु व्याख्या पाठ होऊनही ओल्या कपड्यातले पाणी कोठे गेले हे मुलास सांगता येत नसेल, तर तो तास विज्ञानाचा झाला असे म्हणता येणार नाही.