बचत गटांच्या शब्दावलीतील आरोग्य

महाराष्ट्रातील बचत गटांचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तिका बहुधा अमरावतीपासून आरंभ करतात. १९४७ मध्ये तेथील काही स्त्रियांनी पंचवीस पैशांची बचत सुरू केली, अशी ती कथा. परंतु रुपयाचे शंभर पैसे १९५७ पासून झाले; तत्पूर्वी ते चौसष्ट होते. मग ते चार आणेच असणार. चूक क्षुल्लक खरी; तथापि व्यवहार करणारीचा शब्द पुसून तेथे लिहिणाऱ्याचा शब्द बसविण्याची या वाङ्मयाची खोड तीत दिसते.

अमरावती-अकोल्याकडील गटांना आज 'उमेद' अभियानाची दशसूत्री शिकविली जाते. तिची पहिली पाच सूत्रे बैठक, बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, परतफेड आणि लेखे ही होत. ही सर्व वहीत नोंदता येतात. सहावे सूत्र 'आरोग्याची काळजी' हे. 'काळजी'चे मराठीत दोन अर्थ आहेत, निगा आणि चिंता. निगेस पैसा लागतो. चिंता फुकट करता येते. सूत्रात कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे वहीवरून कळावयास मार्ग नाही.

याहून घातक भेद अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून आला आहे, तो म्हणजे 'उत्पादक' व 'अनुत्पादक' कर्जाचा. त्यात बाळंतिणीचा उपचार आणि लग्नातला मानपान एकाच खणात पडतात. शिलाईयंत्रासाठी निःसंकोच हात पुढे करणारी स्त्री स्वतःच्या तापासाठी 'मले कर्ज पायजे' म्हणताना अडखळली, तर तो दोष अज्ञानाचा नव्हे, शिकवणुकीचा मानला पाहिजे.

अन्यत्र निराळे घडले आहे. नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात स्त्रियांच्या गटांनी मातांच्या व अर्भकांच्या उपचारासाठीच वेगळा निधी उभारला; २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेथील नवजात मृत्युप्रमाण अन्य गावांहून ३० टक्क्यांनी कमी आढळले. श्रेय एकट्या निधीचे नव्हे. त्यामागे मासिक चर्चा होती. झारखंड व ओडिशातही स्थानिक स्त्रियांनी चालविलेल्या अशाच बैठकांनंतर, २०१० च्या अहवालानुसार, हे प्रमाण तीन वर्षांत ३२ टक्क्यांनी कमी राहिले. त्या प्रदेशातील हो भाषा ही आपल्या मेळघाटातील कोरकूची मुंडा कुळातील भगिनी, हे भाषाभ्यासकाने तरी विसरू नये.

धारणी-चिखलदऱ्यासाठी दशसूत्री कोरकूत न्यावीच. मात्र तत्पूर्वी सहावे सूत्र मराठीतच पुन्हा लिहावे लागेल: 'आजारपणाचे कर्ज, मागितल्या दिवशी.'