कर्त्याचा लोप आणि कर्त्याची कबुली : ‘श्यामची आई’तील जबाबदारीच्या शिकवणीचा भाषिक विचार

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’विषयी मराठीत दोन मते पुन्हा पुन्हा मांडली जातात. एका मताप्रमाणे हे संस्कारांचे अजोड पुस्तक होय. दुसऱ्या मताप्रमाणे ते अतिभावनाशील, अश्रूंनी भिजलेले पुस्तक होय. ही मते परस्परविरोधी दिसली तरी दोन्हींचा रोख पुस्तकातील भावनेकडेच आहे. हे पुस्तक मुलाला आपल्या कृतीची जबाबदारी घ्यावयास शिकविते, असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात. मात्र ती शिकवण कोणत्या मार्गाने दिली जाते, याची चिकित्सा सहसा होत नाही. वस्तुतः हा प्रश्न जितका भावनेचा, तितकाच वाक्यरचनेचा आहे. कृती कोणाची, हे सांगण्याची मराठीची जी रीत आहे, तिच्याशी या पुस्तकाच्या गुणाचा आणि मर्यादेचाही निकटचा संबंध आहे.

१९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्यातील प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले असून अशा एकूण ४२ रात्री आहेत. प्रौढ श्याम आश्रमातील आपल्या सोबत्यांना बाळपणीच्या गोष्टी सांगतो, अशी योजना आहे. म्हणजे ज्या मुलाने चूक केली, तोच मुलगा पुढे प्रौढ होऊन ती चूक सांगत आहे. या योजनेचे महत्त्व कळण्यासाठी मराठी बोधवाङ्मयाची पूर्वपरंपरा लक्षात घ्यावयास हवी.

सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ च्या सुमारास इसापच्या कथा मराठीत आणल्या. तेव्हापासून गोष्ट आणि तिच्या शेवटी तात्पर्य, हा साचा शालेय वाचनात रूढ झाला. तात्पर्याचे क्रियापद बहुधा विध्यर्थी असते : ‘थोरांची आज्ञा पाळावी’, ‘लवकर उठावे’, ‘कोणाची निंदा करू नये’. या वाक्यांत कर्ता नसतो. तो घालावयाचा तर ‘मुलांनी’ असा तृतीयान्त येतो, आणि तरीही क्रियापद त्याच्यामागे जात नाही. ‘पाळावी’ हे रूप आज्ञेच्या लिंगाप्रमाणे चालते. ‘उठावे’ हे तर कोणाच्याच मागे न जाता नपुंसकलिंगी एकवचनी राहते. असा विधी सर्वांना लागू असतो, आणि सर्वांना लागू असल्यामुळे विशेषतः कोणालाच लागू नसतो. वर्गातील चाळीस मुले ‘खोटे बोलू नये’ हे एका सुरात म्हणू शकतात. त्यांपैकी एकालाही त्या वाक्यात स्वतःचे नाव ऐकू येत नाही.

विधी भावी वर्तनाविषयी असतो. जबाबदारीचा खरा प्रसंग कृती घडून गेल्यावर येतो. ‘जबाबदार’ हा शब्दच ‘जवाब’ व ‘दार’ या फारसीच्या द्वारे आलेल्या घटकांनी घडला आहे. ज्याला जाब विचारला जाईल आणि ज्याने उत्तर दिले पाहिजे, तो जबाबदार. हे उत्तर भूतकाळात द्यावयाचे असते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी मराठीची घडण लक्षणीय आहे. वर्तमान व भविष्यकाळांत क्रियापद कर्त्याच्या पुरुषाप्रमाणे चालते : ‘मी तोडीन’, ‘तू तोडशील’, ‘तो तोडील’. सकर्मक भूतकाळात मात्र ते कर्माच्या ताब्यात जाते. ‘मी कळ्या तोडल्या’ आणि ‘त्याने कळ्या तोडल्या’ या दोन वाक्यांत क्रियापदाचे रूप एकच आहे. कर्ता गाळला तरी ‘कळ्या तोडल्या’ हे वाक्य पुरे वाटते.

याला अपवाद आहे तो द्वितीय पुरुषाचा. ‘तू कळ्या तोडल्यास’, ‘तू पेला फोडलास’ या वाक्यांत कर्माशी जुळलेल्या रूपाला शेवटी ‘स’ लागतो आणि कर्त्याची खूण क्रियापदावर उमटते. मराठी वैयाकरणांनी यालाच कर्तृकर्मसंकर म्हटले. याचा अर्थ असा की, आरोपाच्या वाक्यात ‘तू’ गाळला तरी आरोपी लपत नाही. ‘फोडलास’ एवढ्यानेच तो पकडला जातो. कबुलीचे तसे नाही. ‘फोडला’ एवढ्याने काहीच कबूल होत नाही. तेथे ‘मी’ हा शब्द वेगळा, स्पष्ट उच्चारावा लागतो. जुन्या मराठीत येथे ‘म्यां’ असे निराळे रूप होते. तेही आज मागे पडले आहे. आरोप व्याकरण आपण होऊन करते, कबुली मात्र बोलणाऱ्यानेच करावी लागते.

शिवाय कर्त्याला वाट काढून देणाऱ्या रचनाही भाषेत विपुल आहेत. ‘फोडणे’च्या शेजारी ‘फुटणे’ आहे, ‘तोडणे’च्या शेजारी ‘तुटणे’ आहे. ‘सांडणे’, ‘मोडणे’, ‘हरवणे’ ही तर सकर्मकही आहेत आणि अकर्मकही. त्यामुळे ‘दूध सांडले’ या वाक्यात सांडणारा होता की नव्हता, हे वाक्यावरून ठरत नाही. अभ्यास ‘करायचा राहतो’, जणू तो स्वतःच मागे राहिला. ‘माझ्या हातून फुटले’ म्हणताना दोष हाताकडे जातो. दोषाविषयीचे वाक्प्रचारही त्याला एखाद्या वस्तूप्रमाणे हलविणारे आहेत : खापर दुसऱ्याच्या माथी फोडता येते, चूक पदरात घालता येते. नाचता येत नसले तर अंगण वाकडे ठरते.

यावरून मराठी भाषकच जबाबदारी टाळणारा असतो, असा निष्कर्ष काढणे अर्थातच हास्यास्पद ठरेल. भाषा टाळण्याची सोय देते, तशी सूक्ष्म विवेकाचीही सोय देते. ‘मी फोडले’ आणि ‘माझ्या हातून फुटले’ यांतील भेद बुद्धिपुरस्सर कृती आणि अनवधान यांतील भेद आहे, आणि न्यायबुद्धीला तो हवाच असतो. प्रश्न एवढाच की, या दोहोंतील निवड प्रामाणिकपणे करावयास मुलाला शिकविले जाते की नाही.

‘श्यामची आई’चे वेगळेपण येथे स्पष्ट होते. आईचे बोलणे द्वितीय पुरुषात आहे; श्यामचे निवेदन प्रथम पुरुषात आहे. आईने ‘तू’ म्हणून ज्याचा जाब विचारला, त्याचे उत्तर प्रौढ श्याम ‘मी’ म्हणून श्रोत्यांसमोर देतो. तात्पर्याच्या कर्तृहीन वाक्याची जागा कबुलीच्या कर्तृयुक्त वाक्याने घेतली, ही मराठी बोधवाङ्मयातील महत्त्वाची घटना होय. ‘मुकी फुले’ या रात्रीत फुले आपल्यालाच मिळावीत म्हणून उमलण्यापूर्वीच कळ्या खुडल्या जातात. वाद फुलांच्या मालकीचा असतो; आई तो कृतीवर आणून ठेवते. कोणाची फुले, हा प्रश्न मागे पडतो आणि कळ्यांचे काय केले, हा प्रश्न पुढे येतो. ‘पत्रावळ’मध्ये ही रीत आणखी एक पाऊल पुढे जाते. ज्याने त्याने आपली पत्रावळ आपण लावावी, या आग्रहापुढे श्याम आधी रुसतो आणि मग ते काम शिकतो. येथे पश्चात्तापाची परिणती हातांनी करावयाच्या कामात होते, आणि म्हणूनच ही रात्र पुस्तकातील अधिक बळकट रात्रींपैकी एक आहे.

‘अळणी भाजी’चे स्थान याहून वेगळे. तेथे चूक मोठ्या माणसाची आहे. भाजीत मीठ नाही, हे वडील बोलून दाखवीत नाहीत. आईला ते स्वतः जेवावयास बसल्यावर कळते. बोलीत ‘मीठ घालायचे राहिले’ एवढ्यावर भागले असते. आई मात्र तो दोष आपला मानते, आणि मुलगा ते पाहतो. जबाबदारी ही मोठ्यांनी लहानांकडून वसूल करावयाची वस्तू नसून मोठ्यांनाही ती तितकीच बांधील करते, हे कोणत्याही विधिवाक्याविना येथे शिकविले जाते.

याच कसोटीवर काही रात्री मात्र कमी उतरतात. ‘श्यामचे पोहणे’मध्ये पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर धाडते. परिणाम चांगला होतो आणि मागाहून मायाही केली जाते. परंतु त्या प्रसंगात कर्ती आई आहे, श्याम हा कर्म आहे. मुलाला लोक भित्रा म्हणतील, ही आईची चिंता समजण्यासारखी आहे. तथापि लोकलाजेने करविलेल्या कृतीला मुलाची जबाबदारी म्हणता येत नाही. शिस्त आणि जबाबदारी यांतील हा भेद पुस्तक स्वतः करीत नाही.

यापेक्षा मोठी अडचण उत्तरार्धात आहे. तेथे कुटुंबाला कर्जाने घेरले आहे. सावकाराचा तगादा, अब्रूचे धिंडवडे, आईचे आजारपण आणि मृत्यू या साखळीतील कोणतीही कडी मुलाने घडविलेली नाही. तो दूर शिकावयास असतो आणि आईचे अखेरचे दर्शनही त्याला घडत नाही. तरीसुद्धा निवेदनाचा सूर अपराध्याचाच राहतो. ‘मी केले’ हे वाक्य येथे नकळत ‘मी असूनही झाले’ या वाक्यात मिसळते. जे मुलाच्या कर्तृत्वात नव्हते त्याचाही भार ‘मी’ उचलतो, आणि ज्या आर्थिक व्यवस्थेने एक घर धुळीस मिळविले, तिला वाक्यात कर्त्याचे स्थान क्वचितच मिळते. अश्रूंविषयीच्या जुन्या आक्षेपाचे खरे मूळ येथे आहे. अश्रू अधिक आहेत हा दोष नव्हे. काही अश्रूंच्या मागे स्वतःची कृतीच नाही, हा दोष आहे. तरुणांना जबाबदारी शिकविताना आपले काय आहे याच्याबरोबर आपले काय नाही, हेही शिकवावे लागते. नाहीतर संवेदनशील मूल सर्वांचे ओझे वाहते आणि ज्याने ते लादले तो वाक्याबाहेर उभा राहतो.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक विचार निघतो. पाठ्यपुस्तकांच्या आरंभी छापली जाणारी प्रतिज्ञा मूळ पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली. तिच्या मराठी रूपात संकल्पाची क्रियापदे प्रथम पुरुषी भविष्यकाळात आहेत. पाठाखालील प्रश्न बोध विचारतात, आणि उत्तरे विध्यर्थात येतात. संकल्प आणि विधी या दोहोंमध्ये भूतकाळाला जागा नाही. म्हणजे मुलाला वचन देणे आणि नियम सांगणे येते, झालेल्या गोष्टीचा कर्ता सांगण्याचा सराव मात्र होत नाही. ‘श्यामची आई’मधील एखादी रात्र शिकविताना ‘यातून काय बोध मिळतो?’ याऐवजी तीन प्रश्न विचारले जाऊ शकतात : हे कोणी केले? ते केले की हातून झाले? त्यानंतर त्याने काय केले? पहिला प्रश्न कर्ता शोधतो, दुसरा त्याला न्याय देतो आणि तिसरा त्याला अश्रूंपाशी थांबू देत नाही.

हे तीन प्रश्न खुद्द या पुस्तकाला विचारले असता पूर्वार्ध बहुतांशी टिकतो आणि उत्तरार्ध करुण असूनही डळमळतो. तरीही उपदेशाच्या कर्तृहीन वाक्यात बोलणाऱ्या परंपरेत मुलाचा ‘मी’ भूतकाळी क्रियापदाशेजारी आणून उभा करणे, हे कार्य या पुस्तकाने केले. त्या ‘मी’ची कक्षा कोठवर न्यावी, हा विवेक मात्र ते पुस्तक शिकविणाऱ्याला आपल्याकडून पुरवावा लागेल.