प्रवादाचे कथानक : वेणाबाई आणि ऐतिहासिक कादंबरी

दोन कवींमधील प्रेमसंबंध हा ऐतिहासिक कादंबरीला मोहात पाडणारा, पण हाताळण्यास अतिशय अवघड असा विषय आहे. ‘स्वामी’ (१९६२) किंवा ‘राऊ’ (१९७२) या कादंबऱ्यांत स्त्री-पुरुषांतील अनुराग राजकारणाच्या आणि कुळाचाराच्या ताणातून आकार घेतो. नायक-नायिकांनी काव्य लिहून ठेवलेले असण्याची तेथे गरज नसते. कवींच्या बाबतीत मात्र त्यांची संहिता आपल्यासमोर असते, आणि कादंबरीकाराने कल्पिलेल्या प्रत्येक भावस्थितीला ती दुजोरा तरी देते किंवा हरकत तरी घेते. अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांचा पत्रव्यवहार ‘कुसुमानिल’मध्ये छापून आलेला असल्याने तेथे कल्पिताला फारसा वाव उरत नाही. सतराव्या शतकात अशी पत्रे मिळत नाहीत. काव्य मिळते आणि आख्यायिका मिळतात. मिरजेच्या वेणाबाई आणि समर्थ रामदास यांच्या नात्यावर लिहू पाहणाऱ्या लेखकाची खरी परीक्षा येथे आहे.

सांप्रदायिक कथा सर्वपरिचित आहे. मिरजेच्या सासरी आलेली बालविधवा एकनाथी भागवत वाचीत बसली असता रामदास भिक्षेसाठी दारी येतात, वाचलेले समजते काय असे विचारतात, आणि ती उत्तर देण्याऐवजी प्रश्नांची मालिकाच त्यांच्यापुढे ठेवते. पुढे ती त्यांच्या कीर्तनाला जाऊ लागते, प्रवाद उठतो, आप्तच तिला विष देतात. ती वाचते आणि घर सोडते. चरित्रकाराला यात गुरुकृपेचा चमत्कार दिसतो. आधुनिक कादंबरीकाराला बहुधा दडपलेल्या प्रणयाची चाहूल लागते आणि ती व्यक्त करण्यात आपण धाडस करीत आहोत असे त्यास वाटते.

हे धाडस तपासून पाहण्यासारखे आहे. या कथेत ‘प्रेम’ हा अर्थ प्रथम कोणी लावला? वेणाबाईंनी नाही, रामदासांनीही नाही; तो लावला विष कालवणाऱ्यांनी. वाचणारी, प्रश्न विचारणारी विधवा त्या समाजाला एकाच रीतीने समजू शकत होती. तेव्हा या नात्याला प्रणयकथेचे रूप देणारा लेखक परंपरेविरुद्ध बंड करीत नसून त्या प्रवादालाच प्रामाण्य देत असतो. उलट, सगळे चमत्कारावर सोपवणारा श्रद्धाळू लेखक त्या बाईची बुद्धीच कथेतून वजा करतो. मला पहिल्यापेक्षा दुसरा प्रमाद कमी वाटत नाही.

बहिणाबाईंचे आत्मनिवेदन येथे मार्गदर्शक ठरावे. कोल्हापुरातील जयरामस्वामींच्या कीर्तनाने भारलेल्या त्या स्त्रीने तुकारामांना स्वप्नात गुरू केले, आणि ज्यांना तिने प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते अशा शूद्र कवीच्या ओढीपायी पतीचा मार सोसला. हे सारे तिने स्वतःच्या अभंगांत सांगितले आहे. वेणाबाई स्वतःविषयी असे काही सांगत नाहीत. त्यांनी लिहिले ते सीतेच्या लग्नाविषयी.

‘सीतास्वयंवर’ हे आख्यानकाव्य बहुतेक अभ्यासकांनी तत्कालीन चालीरीतींची खाण म्हणून वाचले. विवाहविधी, अलंकार, पंगती, वऱ्हाडाची लगबग यांची त्यात रेलचेल आहे, हे खरेच. पण ही लगबग पाहणारा डोळा कोणाचा? जिचे स्वतःचे लग्न बालपणीच संपले, जिला मंगलकार्यात पुढे येण्याची मुभा नव्हती, अशा स्त्रीचा. दुसरीकडे, तिचे गुरू बोहल्यावरून ‘सावधान’ ऐकताच निघून गेले अशी परंपरा आहे आणि त्यांच्या रामायणरचनेचा भर सुंदरकांडावर व युद्धकांडावर आहे. त्यांचा राम देवांची बंदिशाळा फोडणारा आहे. शिष्येने मात्र तोच राम नवरदेव म्हणून मांडवात उभा केला. गुरूने ज्या प्रसंगाकडे पाठ फिरवली तो तिने सावकाश, एकही विधी न गाळता लिहून काढला. दोन कवींमधील संवाद म्हणून काही वाचायचे असेल तर ते हेच आहे, आणि त्यात आज्ञाधारकपणाइतकाच मतभेदही आहे. (मतभेद हा शब्द संप्रदायाला रुचणार नाही, पण दुसरा मला सापडत नाही.)

या संवादाला निवेदनरूप देणे सोपे नाही. मिरजेविषयी कागदपत्रांचा तुटवडा आहे असे म्हणता येत नाही. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड उभे केले ते याच गावात. परंतु ते दप्तर पुढच्या शतकाचे आणि मोहिमांचे. दप्तरातून नायक घडवण्याची सवय झालेल्या कादंबरीला ओवीमधून नायिका घडवावी लागेल, म्हणजे आधी ओवी वाचावी लागेल.

वेणाबाईंना रामदासांनी उभ्याने कीर्तन करण्याचा अधिकार दिला असे परंपरा सांगते. मिरजेला त्यांचा मठ आजही आहे, आणि त्यांनी देह ठेवला तो सज्जनगडावर, रामदासांच्या हयातीतच, शके १६०० मध्ये. पण कादंबरीचा आरंभ मी गडावर करणार नाही, विषाच्या वाटीपाशीही नाही. ज्या मिरजेने तिला सौभाग्याच्या कार्यांतून वगळले तेथे ती सुवासिनींसमोर उभी राहून सीतेच्या लग्नाची कथा सांगते आहे आणि श्रोत्यांत सासरचे कोणी बसले आहे. तिने ओवी म्हणताना त्यांच्याकडे पाहिले की नाही, हे लेखकाला पहिल्याच पानावर ठरवावे लागेल.