सरकारचा परिग्रह

संकटात सरकार वाढतं, संकट सरल्यावर थोडं आकसतं, पण पूर्वीच्या मापावर परत येत नाही. रॉबर्ट हिग्ज या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाच्या 'क्रायसिस अँड लेव्हायथन' (1987) या पुस्तकाचं सार एवढंच. वाचताना मला घरातली मोठी पातेली आठवली. एका कार्यासाठी म्हणून घेतलेली; कार्य उरकून वर्षं झाली, पातेली माळ्यावरच.

हिग्जचं म्हणणं पटावं असं उदाहरण सोन्याचं. 1933 च्या एप्रिलमध्ये, मंदीत, रूझवेल्टनी हुकूम काढला : सोन्याची नाणी, लगडी बँकेत जमा करा. दागिने आणि थोडी नाणी तेवढी सुटली. लोकांना औंसाला 20.67 डॉलर मिळाले. सोनं ताब्यात आल्यावर, 1934 च्या जानेवारीत, सरकारनं भाव केला 35 डॉलर! मंदी गेली, महायुद्ध गेलं. बंदी उठायला मात्र 1974 साल संपावं लागलं. आमच्यात श्रावक परिग्रहपरिमाण व्रत घेतो, म्हणजे घरात किती ठेवायचं याची मर्यादा आपणच घालून घेतो. सरकारला हे व्रत कोण देणार?

पुस्तकातला उत्तम भाग 1893 ते 1896 च्या मंदीचा. तेव्हाही हाल मोठे होते, पण अध्यक्ष क्लीव्हलँड यांचं सरकार वाढलं नाही. बेकारांना पोसणं हे सरकारचं कामच नव्हे, अशी त्या काळची समजूत. म्हणजे नुसत्या संकटानं सरकार फुगत नाही. लोकांच्या मनातली समजूत बदलावी लागते. हा मुद्दा हिग्ज फार चांगला मांडतो. पण त्या संयमाबद्दलचं त्याचं कौतुक वाचताना मी अडले. संयम सरकारचा, आणि उपास मात्र बेकारांच्या घरी? न विचारता दुसऱ्यावर लादलेल्या उपासाला आपण तप म्हणत नाही.

माझ्या आईची पुंजी एका पतसंस्थेत बुडाली. बांगड्या मोडून ठेवलेले पैसे होते ते. पतसंस्थेतल्या ठेवीला विमा नसतो, हे आम्हाला बुडाल्यावर कळलं. अमेरिकेत हजारो बँका बुडाल्यावर 1933 मध्येच ठेवींच्या विम्याचा कायदा झाला. 1934 पासून 2,500 डॉलरपर्यंतची ठेव सुरक्षित झाली. मंदी संपली तरी हाही कायदा राहिला. हिग्जच्या मापानं सोन्याची बंदी आणि हा विमा, दोन्ही सरकारची वाढच. माझ्या आईला विचारलं असतं तर तिनं दोन्ही एका तागडीत घातले नसते.

परिग्रह म्हणजे नुसती वस्तू नव्हे, तिच्यावरची आसक्ती. सरकार किती वाढलं हे हिग्ज नेमकं मोजतो. पण धरून ठेवलेलं कुणासाठी धरलंय, आणि गरज संपल्यावर सोडवतं का, हे निराळं विचारायला हवं. पुस्तक जरूर वाचा. 1893 चं प्रकरण मात्र दोनदा वाचा. दुसऱ्यांदा वाचताना त्या बेकारांच्या घरात बसून.